सिलिंडरची तारीख आणि टाकीचा कागद : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कारखान्यांनी आपली गॅस सुरक्षा नव्या नियमांशी कशी जुळवून घ्यावी

उद्यमबागेतल्या किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडमध्ये डोकावलं, तर दाराशी ऑक्सिजनचे दोन-चार सिलिंडर, कोपऱ्यात कॉम्प्रेसरची टाकी आणि मागं कुठंतरी एलपीजीचं सिलिंडर हमखास दिसतं. फौंड्री असो, हायड्रॉलिकचे सुटे भाग असोत की उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणारं गॅरेज, दाबाखालच्या वायूशिवाय काम पुढं सरकत नाही. निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीकडं साखर कारखाने आणि हमरस्त्यावरचे ढाबे, खानापूरकडं लहान वर्कशॉप, चंदगडच्या सीमेवर, महाराष्ट्राच्या बाजूला, शिनोळीची वसाहत. ठिकाण बदलतं, वस्तू त्याच असतात.

या वस्तूंबद्दलचे नियम गेल्या दहा वर्षांत बरेच बदलले. गॅस सिलिंडर नियम २००४ च्या जागी २०१६ चे नियम आले. मोठ्या टाक्यांसाठीचे १९८१ चे नियमही त्याच वर्षी नव्यानं लिहिले गेले. १९२३ चा बॉयलर कायदा जाऊन बॉयलर कायदा २०२५ आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाना कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता लागू झाली. या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या १८८४ च्या स्फोटके कायद्यालाही पर्याय म्हणून सरकारनं २०२४ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा पुढं ठेवला.

एवढं ऐकून लहान कारखानदार हात टेकतो आणि सगळं एजंटवर सोपवून मोकळा होतो. माझं स्पष्ट मत आहे की असं करू नये. या सगळ्या नियमांचा गाभा प्रत्येक शेडमध्ये एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: या भांड्याची शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी कोणाची? ज्या शेडमध्ये याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं, तिथली बाकीची कामंही बहुधा मार्गी लागलेली असतात. ज्या शेडमध्ये मिळत नाही, तिथं भिंतीवरचे सुरक्षेचे फलक माणसाला वाचवणार नाहीत.

पायरी पहिली : कुठलं भांडं कुठल्या नियमात

वही घ्या आणि शेडभर फिरा. दाबाखालचा वायू ज्यात आहे असं प्रत्येक भांडं लिहा, अगदी गाडीतला सीएनजीचा सिलिंडर आणि अग्निशामकही.

अर्ध्या लिटरहून मोठं आणि १,००० लिटरपर्यंत पाणी मावेल एवढं भांडं वायू साठवायला किंवा वाहून न्यायला वापरलं, तर तो सिलिंडर. त्याला सिलिंडर नियम २०१६ लागू. मोटारीत बसवलेली सीएनजी किंवा एलपीजीची टाकीही यातच येते. पाणीपुरवठ्याच्या केंद्रांवर दिसणारे क्लोरिनचे मोठे टनर आकारानं टाकीसारखे वाटले, तरी कायद्यानं ते सिलिंडरच.

१,००० लिटरच्या वर गेलात की स्थिर व फिरत्या दाबपात्रांचे नियम २०१६ लागू होतात. एलपीजीचे बुलेट म्हणजे मोठ्या आडव्या टाक्या, दवाखान्यांमागच्या द्रवरूप ऑक्सिजनच्या उभ्या पांढऱ्या टाक्या आणि गॅसचे टँकर यात येतात. हे दोन्ही नियम केंद्राचे. ते राबवणारी संस्था पेसो, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय नागपूरला आहे.

वाफ तयार होते ते भांडं बॉयलरच्या कायद्यात जातं आणि त्याची तपासणी राज्याचे बॉयलर अधिकारी करतात. कॉम्प्रेसरची हवेची टाकी म्हणजे एअर रिसीव्हर, ती कारखान्याच्या सुरक्षा नियमांत येते. कर्नाटकात बॉयलर आणि कारखाना तपासणी एकाच खात्याकडं आहे: कारखाने, बॉयलर, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य खातं.

नव्या संहितेत वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० ऐवजी २० कामगारांपासून सुरू होते. त्यामुळं आपली सुटका झाली, असं कोणी समजू नये. पेसोचे नियम कामगार मोजत नाहीत, ते सिलिंडर आणि गॅस मोजतात. आणि १५ माणसांच्या शेडमधली हवेची टाकी २५ माणसांच्या शेडमधल्या टाकीपेक्षा कमी जोरानं फुटत नाही.

पायरी दुसरी : तारीख वाचायला शिका

सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

एलपीजीच्या सिलिंडरवर, वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूनं एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. समजा, सी-२७ असं आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-२७ म्हणजे या सिलिंडरची पुढची चाचणी सप्टेंबर २०२७ अखेरपर्यंत व्हायला हवी. ही येणारी तारीख असते. नव्या एलपीजी सिलिंडरची पहिली चाचणी १० वर्षांनी आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी होते.

ऑक्सिजन, आर्गॉन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांच्या जाड, बिनजोडाच्या सिलिंडरवर मात्र उलटं आहे. खांद्यावर ठोकलेली तारीख ही झालेल्या चाचणीची असते. ०६-२२ असं दिसलं तर जून २०२२ मध्ये चाचणी झाली, आणि पाच वर्षांच्या हिशेबानं पुढची जून २०२७ मध्ये. एलपीजीच्या सवयीनं हा आकडा वाचणारा माणूस चांगला सिलिंडर परत पाठवतो. ऑक्सिजनच्या सवयीनं एलपीजीचा आकडा वाचणारा मुदत संपलेला सिलिंडर अजून पाच वर्षं चालेल असं समजतो. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

खांद्यावर एकाच ठिकाणी चार-पाच तारखा ठोकलेल्या असतात. त्यावर रंगाचे थर चढून अक्षरं बुजतात. मऊ तारेचा ब्रश हलक्या हातानं फिरवा, ओल्या फडक्यानं पुसा आणि पांढरा खडू आडवा घासा. खोलगट अक्षरं काळी राहतात, बाकी पांढरं होतं, आणि सगळं वाचता येतं: बनवणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, रिकाम्या सिलिंडरचं वजन, पाण्याची क्षमता, कामाचा दाब, चाचणीचा दाब, गॅसचं चिन्ह आणि तारखा. ग्राइंडर कधीही लावू नका. खांद्यावर धातू खरवडणं म्हणजे सिलिंडर भंगारात काढणंच.

सीएनजीच्या सिलिंडरला मुदत तीन वर्षांची. क्लोरिनसारख्या गंज चढवणाऱ्या वायूंना दोन वर्षांची. ॲसिटिलीनच्या सिलिंडरची, वर्कशॉपमध्ये आपण ज्याला डीए म्हणतो त्याची, तपासणी वेगळ्याच प्रकारची असते. त्याच्या आत सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि गॅस त्यात विरघळून राहतो. तो भराव खचला की मध्ये पोकळी होते, आणि पोकळीत ॲसिटिलीन ऑक्सिजनशिवायही स्वतःहून फुटू शकतं. म्हणून डीए पडला, आदळला किंवा तापला की तो बाजूला काढून पुरवठादाराला लेखी कळवा.

गाडीवरून सिलिंडर उतरवून घेताना तारीख बघायला लागलात की टेम्पोवरचं पोरगं म्हणणारच, "अण्णा, तारीख बघून काय करतासा, गॅस भरल्याला हाय की!" अशा वेळी वाद घालू नका, सिलिंडर परत पाठवा. मुदत संपलेला सिलिंडर भरणं हाच मुळात भरणाऱ्याकडून झालेला नियमभंग आहे. सिलिंडर तुमच्या मालकीचा असेल, तर पेसोनं मान्यता दिलेल्या चाचणी केंद्रावर तो पाठवण्याची जबाबदारी तुमची. तिथं दाबानं सिलिंडर किती ताणला जातो आणि दाब काढल्यावर त्यातला किती ताण कायम राहतो, हे मोजतात. मूळ वजनात ५ टक्क्यांहून जास्त घट झालेला सिलिंडर बाद होतो. बाद सिलिंडर कापून किंवा चेपून निकामी करायचा असतो. तो अख्खा भंगारवाल्याला देऊ नका, कारण तो पुन्हा कुठंतरी भरला जातो.

रंगाबद्दल. ऑक्सिजन काळा, वैद्यकीय ऑक्सिजन काळा पण खांदा पांढरा, डीए तपकिरी-लाल, आर्गॉन निळा, नायट्रोजन राखाडी पण मानेशी काळा, हायड्रोजन लाल. हे पाठ असावं, पण विश्वास ठोकलेल्या अक्षरांवर ठेवावा. कोविडच्या काळात ऑक्सिजनची टंचाई होती, तेव्हा ठराविक कार्यपद्धती घालून आर्गॉन-नायट्रोजनचे सिलिंडर ऑक्सिजनसाठी बदलायची परवानगी पेसोनं दिली होती. परवानगीशिवाय एका गॅसचा सिलिंडर दुसऱ्यासाठी वापरता येत नाही. रंग आणि अक्षरं जुळत नसतील तर तो सिलिंडर आत घेऊ नका.

पायरी तिसरी : किती साठा चालतो, कधी परवाना लागतो

सिलिंडर साठवायला पेसोचा परवाना लागतो, पण ठराविक मर्यादेखाली सूट आहे. एलपीजी एका वेळी एकूण १०० किलोपर्यंत. इतर ज्वलनशील पण बिनविषारी वायू २५ सिलिंडर किंवा २०० किलो, जे कमी असेल तेवढे. न जळणारे, बिनविषारी वायू, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन वगैरे, २०० सिलिंडरपर्यंत. डीए ५०. विषारी वायू फक्त ५.

ऑक्सिजनच्या मर्यादेपर्यंत आपल्याकडची लहान वर्कशॉप सहसा पोचत नाहीत. अडचण एलपीजीत येते. १९ किलोचे पाच निळे सिलिंडर म्हणजे ९५ किलो, ते चालतात. सहावा आला की ११४ किलो होतात आणि परवाना लागतो. दिवाळीआधी किंवा लग्नसराईत हॉटेलवाले आणि केटरिंगवाले दहा-बारा सिलिंडर एकदम आणून ठेवतात, तेव्हा ते नकळत या रेषेपलीकडं जातात. दोन मार्ग आहेत: वितरकाकडून थोडे थोडे मागवा, किंवा साठ्याचा परवाना रीतसर काढा. अर्ज पेसोच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतो. सोबत जागेचा नकाशा, भोवतालची अंतरं आणि शेडचा आराखडा लागतो. परवाना हातात आल्यावर त्यावरची मुदत पहिल्याच दिवशी नोंदवहीत लिहून ठेवा.

घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर कटिंगला किंवा हॉटेलात वापरणं बेकायदेशीर आहे. ते सगळ्यांना माहीत असतं. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, हे मात्र सगळ्यांना माहीत नसतं.

पायरी चौथी : ठेवायची जागा

नियमाची भाषा साधी आहे. ज्वलनशील आणि विषारी वायूंचे सिलिंडर एकमेकांपासून आणि इतर वायूंपासून पुरेशा अंतरावर किंवा मध्ये भिंत घालून ठेवायचे. व्यवहारात सहा मीटरचं अंतर धरा. तेवढी जागा नसेल तर मध्ये विटांची किंवा काँक्रीटची भिंत बांधा. भरलेले आणि रिकामे वेगळे ठेवा. सगळे उभे ठेवून साखळीनं बांधा, विशेषतः डीए, कारण तो आडवा केला की ॲसिटोन वॉल्व्हमधून बाहेर येतं. रिकाम्याचाही वॉल्व्ह बंद आणि टोपण बसवलेलं हवं.

आपल्या भागात सिलिंडरचा पहिला शत्रू पावसाळा. खानापूर, जांबोटी पट्ट्यातला पाऊस ज्यानं पाहिला आहे, त्याला वेगळं सांगायला नको. ओल्या मातीवर चार महिने उभा राहिलेला सिलिंडर खालच्या रिंगेत आणि बुडाशी गंजतो. वरून रंग चांगला दिसतो आणि खाली पापुद्रे सुटलेले असतात. म्हणून मृगाच्या आधी, मे महिन्यातच, सगळे सिलिंडर उचलून बूड बघा. सहा इंच उंचीचा काँक्रीटचा ओटा बांधा, पाणी वाहून जाईल असा उतार द्या आणि वर पत्र्याचं छप्पर घाला. मात्र बाजू उघड्या ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. बंद खोलीत तो जमिनीवर साचतो आणि गटारात उतरतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते. तळघरात, जिन्याखाली किंवा गटाराच्या तोंडाशी एलपीजी कधीही ठेवू नका.

पायरी पाचवी : कटिंग आणि वेल्डिंगचा सेट

इथं मोजकं सांगतो, कारण बहुतेक कारागिरांना ते येतं. आळस होतो तिथंच चूक होते.

ऑक्सिजनच्या वॉल्व्हला, रेग्युलेटरला किंवा पान्याला तेल-ग्रीस लागता कामा नये. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेल स्वतःहून पेट घेतं. हायड्रॉलिकच्या शेडमध्ये हातमोजे तेलकटच असतात, म्हणून ऑक्सिजनसाठी वेगळे हातमोजे ठेवा आणि ते वेगळ्या खिळ्यावर टांगा. वॉल्व्ह उघडण्याआधी रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करा, बाजूला उभे राहा आणि चावी हळू फिरवा. झटक्यात उघडलं की आत दाबली गेलेली हवा तापते आणि रेग्युलेटर पेटू शकतो.

ॲसिटिलीनचा पाइपमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या वर नेऊ नका. त्याला तांब्याचा पाइप किंवा तांब्याची जोडणी लावू नका, कारण त्यातून स्फोटक संयुग तयार होतं. लाल पाइप जळणाऱ्या गॅसला, निळा ऑक्सिजनला. जळणाऱ्या गॅसच्या नटाचे आटे डावे असतात आणि नटावर खाच असते, ते जबरदस्तीनं फिरवू नका. टॉर्चकडं नॉन-रिटर्न वॉल्व्ह (गॅस उलटा जाऊ न देणारा) आणि रेग्युलेटरकडं फ्लॅशबॅक अरेस्टर (मागं येणारी ज्योत अडवणारा), ऑक्सिजन आणि जळणारा गॅस अशा दोन्ही बाजूंना बसवा. एका कामगाराच्या दवाखान्याच्या बिलापुढं या चार तुकड्यांची किंमत काहीच नाही.

पायरी सहावी : हवेची टाकी

लोक सिलिंडरला घाबरतात आणि कॉम्प्रेसरच्या टाकीवर चहाचे कप ठेवतात. माझी सगळ्यात जास्त काळजी याच टाकीबद्दल आहे, कारण हवा फुकट असते आणि फुकटच्या वस्तूकडं कोणी बघत नाही.

हिशेब करून पाहा. ६० सेंटिमीटर व्यासाची टाकी, आत दर चौरस सेंटिमीटरला ८ किलोचा दाब. तिच्या एका गोल झाकणावर २२ टनांहून जास्त जोर पडतो. एक भरलेला ट्रक त्या झाकणावर टेकवल्यासारखं ते आहे, आणि ते झाकण एका वेल्डवर उभं आहे.

टाकी आतून, खालून गंजते. हवेतली वाफ आत थंड होऊन पाणी होते, पाणी बुडाशी साचतं आणि तिथं खड्डे पडतात. बाहेरून रंग अगदी ठीक असतो. म्हणून रोज सकाळी पहिल्यांदा खालचा ड्रेन वॉल्व्ह उघडून पाणी काढा. ऑटो ड्रेन बसवला असेल तरी आठवड्यातून एकदा हातानं उघडून बघा. तांबडं, गंजाचं पाणी येत असेल तर तपासणीची पुढची तारीख येईपर्यंत थांबू नका.

टाकीवर बनवणाऱ्याची प्लेट असते. त्यावर सुरक्षित कामाचा दाब लिहिलेला असतो. सेफ्टी वॉल्व्ह त्या दाबाला किंवा त्याखाली सुटला पाहिजे. गेजच्या काचेवर त्या दाबाला लाल खूण मारा. महिन्यातून एकदा सेफ्टी वॉल्व्हची रिंग ओढून हवा सुटते का बघा. वॉल्व्ह फार वेळा सुटतो म्हणून त्याचा स्क्रू आवळणं किंवा तिथं प्लग बसवणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणं आहे. वॉल्व्ह वारंवार सुटत असेल तर दोष प्रेशर स्विचमध्ये शोधा. प्लेट नसलेली, भंगार बाजारातून आणलेली टाकी कितीही जाड वाटली तरी घेऊ नका. आणि चालू टाकीच्या अंगावर ब्रॅकेट किंवा पाय वेल्ड करू नका. त्या ठिकाणी धातू कडक होतो आणि पुढं तिथूनच तडा जातो.

कारखाना नियमांतला क्रम असा आहे: बाहेरून तपासणी दर सहा महिन्यांनी, आतून दर बारा महिन्यांनी, पाण्याच्या दाबाची चाचणी चार वर्षांनी. आतून तपासायला टाकी रिकामी आणि उघडी लागते, काम थांबतं, म्हणून ही तपासणी टाळली जाते. यावर आपल्याकडं एक चांगला उपाय आहे. खंडेनवमीला सगळी यंत्रं बंद असतात, धुऊन-पुसून पूजेला मांडलेली असतात. आदल्या दिवशी टाकीचा दाब शून्य करा, हँडहोल म्हणजे हात जाईल एवढं तपासणीचं झाकण उघडा, आत बॅटरीचा उजेड मारा आणि अल्ट्रासॉनिक गेजनं बुडाची जाडी मोजून घ्या. दरवर्षी त्याच चार-पाच जागी मोजमाप घेतलं की पत्रा वर्षाला किती पातळ होतो ते आकड्यात दिसतं. हळद-कुंकू त्यानंतर लावा.

दाबाची चाचणी पाण्यानंच करा, हवेनं कधीही नाही. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. त्यामुळं टाकी फाटली तर पाणी सांडतं आणि दाब लगेच पडतो. हवा दाबली जाते, तिच्यात जोर साठून राहतो आणि तो सगळा एकदम सुटतो. टाकी पूर्ण पाण्यानं भरा, वरच्या टोकातून हवा बाहेर जाऊ द्या, हातपंपानं हळूहळू दाब चढवा. किती चढवायचा हे तपासणारा प्लेट आणि आराखडा बघून ठरवतो, जुन्या टाक्यांत तो बहुधा दीडपट असतो.

माणूस आत शिरेल एवढी मोठी टाकी असेल तर एकट्याला कधीही आत जाऊ देऊ नका. आधी हवा खेळती करा, ऑक्सिजन मीटरनं मोजा आणि बाहेर दोरी धरून एक माणूस उभा ठेवा. नायट्रोजननं भरलेल्या टाकीत वास येत नाही, गुदमरल्याची जाणीवही होत नाही.

पायरी सातवी : कोल्हापूरचा माणूस की कर्नाटकचा?

सीमाभागातल्या कारखानदारांची खास अडचण इथं आहे. पेसोचे नियम केंद्राचे, त्यामुळं सिलिंडरचा परवाना किंवा चाचणी केंद्राची मान्यता शिनोळीत आणि उद्यमबागेत सारखीच. हवेच्या टाकीचं तसं नाही. तिची तपासणी ज्या सक्षम व्यक्तीनं, म्हणजे कॉम्पिटंट पर्सननं करायची, तिला त्या राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षकाची मान्यता लागते.

आपले संबंध कोल्हापूरशी जुने. ओळखीचा तपासनीस कागलहून येतो, मराठीत बोलतो, कमी पैशांत काम करतो आणि कागद देतो. पण त्याच्याकडं फक्त महाराष्ट्राची मान्यता असेल, तर बेळगावच्या टाकीवरचा तो कागद कर्नाटकात चालत नाही. उलट बाजूनंही तेच: शिनोळीतल्या शेडमधल्या टाकीला महाराष्ट्राची मान्यता असलेला माणूस हवा. म्हणून बोलावण्याआधी चार गोष्टी मागून घ्या: मान्यतेच्या पत्राची प्रत, ते कुठल्या राज्याचं आहे, त्याची मुदत, आणि त्यात दाबपात्रांची तपासणी लिहिलेली आहे का. उचलयंत्रांची मान्यता असलेला माणूस टाकीचा कागद देऊ शकत नाही. बरेच तपासनीस दोन्ही राज्यांची मान्यता घेऊन असतात, त्यांनाच बोलवा.

टाकी न बघता, फोनवर माहिती विचारून प्रमाणपत्र देणारेही असतात. असा कागद फाइलमध्ये ठेवण्यापेक्षा नसलेला बरा, कारण तो तुम्हाला निर्धास्त करतो.

मोठ्या दाबपात्रांचा, म्हणजे १,००० लिटरवरच्या टाक्यांचा, हिशेब वेगळा. त्यांच्या सेफ्टी वॉल्व्हची चाचणी दर वर्षी, पाण्याच्या दाबाची चाचणी साधारणपणे पाच वर्षांनी, गंज चढवणाऱ्या किंवा विषारी वायूंसाठी दोन वर्षांनी, आणि तपासणारा पेसोच्या मान्यतेचा.

पायरी आठवी : वाहतूक

भरलेला सिलिंडर सायकलवरून किंवा दुचाकीवरून नेता येत नाही. सहा महिन्यांच्या बाळाला पुढं बसवून मागं सिलिंडर बांधलेली मोटारसायकल कपिलेश्वर पुलावर दिसते, तेव्हा अंगावर काटा येतो. टेम्पोत सिलिंडर उभे, बांधलेले, टोपण बसवलेले असावेत. बाजूनं बाहेर आलेले नसावेत. ज्वलनशील आणि ऑक्सिजन एकत्र नसावेत. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाला त्याचं प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद लागते. चंदगड किंवा आजऱ्याकडं माल देणाऱ्यांनी हे विशेष पाहावं, सीमेवर गाडी अडली की कागद नसल्याचा त्रास चालकालाच होतो.

पायरी नववी : जत्रेतले फुगे

कारखान्याचा विषय नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा जत्रेत, गणेशोत्सवात, गावोगावच्या यात्रांत हवेत उडणारे फुगे मिळतात. काही विक्रेते जुन्या सिलिंडरमध्ये कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून तिथंच हायड्रोजन तयार करतात. आत किती दाब चढतो ते कोणालाच कळत नाही, सोड्यानं वॉल्व्ह खराब होतो, आणि भोवती मुलांची गर्दी असते. विनापरवाना सिलिंडर भरणं हा गुन्हा आहे. तुमच्या शेडमधला बाद सिलिंडर अशा माणसाच्या हाती जाऊ देऊ नका. जत्रा कमिटीत असाल तर फुगेवाल्याकडं फक्त कारखान्यात भरलेला हेलियम आहे का ते बघूनच जागा द्या.

पायरी दहावी : नोंदवही आणि भिंतीवरचा कागद

आता वहीत प्रत्येक भांड्याला एक ओळ द्या: अनुक्रमांक, गॅस, मालकी कोणाची, शेवटची चाचणी, पुढची चाचणी, जबाबदार माणसाचं नाव. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका आणि तिथं "सर्वजण" असंही लिहू नका. पुढची तारीख जवळची असलेली भांडी वर येतील असं दर तीन महिन्यांनी पान नव्यानं लिहा. मोबाईलवर फोटो ठेवा, पण वही शेडमध्येच राहू द्या.

भिंतीवरच्या सूचना कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्हीत लावा. आपल्या शेडमध्ये अनगोळचा फिटर, बैलहोंगलचा वेल्डर आणि बिहारचा हेल्पर एकत्र काम करतात, म्हणून शेजारी चित्रंही हवीत. मोठ्या अक्षरात चार ओळी पुरतात.

एलपीजीचा वास आला तर: दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. वॉल्व्ह बंद करा, दारं उघडा, बाहेर या, मग बाहेरून १९०६ ला फोन करा. आग लागली तर १०१ किंवा ११२.

सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत पेटली आणि वॉल्व्ह बंद करता येत नसेल तर ज्योत विझवायचा प्रयत्न करू नका. न जळता सुटणारा गॅस साचून पुढं मोठा स्फोट होतो. लांबून, आडोशामागून सिलिंडरवर पाणी मारत राहा.

आगीत तापलेला डीए हलवू नका. आग विझली तरी आतली प्रक्रिया चालू राहू शकते. भरपूर पाण्यानं थंड करत राहा आणि अग्निशमन दल सांगेपर्यंत, निदान २४ तास, कोणालाही जवळ जाऊ देऊ नका.

अपघातात माणूस दगावला, गंभीर जखमी झाला किंवा मोठं नुकसान झालं, तर जवळच्या पोलीस ठाण्याला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि पेसोला ताबडतोब कळवावं लागतं. टाकी कारखान्याची असेल तर कारखाना खात्यालाही. जखमींना बाहेर काढणं आणि आग आटोक्यात आणणं सोडलं, तर तपासणी होईपर्यंत तिथला एकही तुकडा हलवायचा नाही. हे फोन नंबर आणि नोंदवही कुठं ठेवली आहे ते रात्रपाळीच्या वॉचमनलाही माहीत असलं पाहिजे, म्हणून त्याला उद्याच बोलावून दाखवा.